बोटावरचे गुण

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी तंजावूरला आमच्याकडे आली आणि दिवस भरायच्या आतच बाळंत झाली. मुलगी झाली. इतकी लहान, की आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा “हिला धरायचं कुठे?” एवढंच विचारलं. सुरुवातीला पोर काचेच्या पेटीत होती. मग दूध ओढू लागली, वजन धरू लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं. निघताना तिथल्या नर्सने बहिणीला बाजूला घेऊन बजावलं की बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवायचे, आणि आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही म्हणजे काही जाऊ द्यायचं नाही. “मोठ्या बाळाचं ज्याने नुसतं पोट बिघडतं, तेवढ्याने हिला पुन्हा पेटीत यावं लागेल,” ती म्हणाली. बहीण हे वाक्य घेऊन ऑटोत बसली आणि घर येईपर्यंत तेच घोकत राहिली.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. विषय रसायनशास्त्र. ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत शिकलो. तिथले विज्ञानाचे सर अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, सायकल दुरुस्तीच्या दुकानात येऊन “याला कॉलेजात घाला” असं सांगून गेले, म्हणून पुढे शिकलो. त्या सरांचा आणि वसतिगृहातल्या जेवणाचा मी ऋणी आहे. हे सांगितल्याशिवाय माझं कुठलंच बोलणं पुढे सरकत नाही, अशी घरातल्यांची तक्रार आहे. आता मी एका शाळेत शिकवतो. घरात माझ्या डिग्रीचा वापर भरपूर होतो. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचतो. फ्रिज कोणता घ्यावा हे आधी मला विचारतात, आणि मग शेजाऱ्यांनी घेतलाय तोच घेतात.

आमचे पूर्वज मराठा राजांच्या पाठोपाठ इकडे आले. कोणी म्हणतं तलवार घेऊन आले. अप्पांचं मत असं की आपले बहुतेक घोड्यांना चंदी घालायला आले असावेत. आता आमच्या घरात मराठी तोंडात आहे, डोळ्यांत नाही. आईअप्पा भांडतात मराठीत, सही करतात तमिळमध्ये. देवनागरी मी नोकरी लागल्यावर हौसेने शिकलो. म्हणून इथे घरातलं बोलणं तुमच्यासाठी जरा सरळ करून लिहिलंय. मुळात त्यात निम्मे शब्द तमिळ होते आणि हेल तर सगळाच तमिळ.

तर, नर्सचं बोलणं ऐकून मला वाटलं, ही माझ्या डिग्रीची वेळ. साबणाचा रेणू एका टोकाने तेलाला धरतो आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. आता ते घरच्यांच्या कामी येणार होतं. मी बसस्टँडजवळच्या दुकानातून एक तक्ता छापून आणला. तळव्यावर तळवा, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, अशी ओळीने चित्रं. वर ठळक तमिळमध्ये सूचना. आणि खाली, माझी मराठी कुठेतरी दिसावी म्हणून, देवनागरीत एक ओळ: ‘कृपया हात धुऊनच बाळाला भेटावे.’ लॅमिनेशन करून तो दाराशी लावला. खाली स्टूल, स्टुलावर साबण, शेजारी अंगणातला नळ.

अप्पांनी चष्मा पुसून तक्ता पाहिला. त्यांचे हात दुकानातल्या ग्रीसने दिवसभर काळे असतात आणि संध्याकाळी ते रॉकेल, मग सोडा, मग साबण अशी आराधना करतात. त्यामुळे काळं दिसतं ती घाण आणि दिसत नाही तो तुमच्या मनाचा खेळ, हा त्यांचा सिद्धांत.

“बरं आहे,” ते म्हणाले. “खाली हे कुठलं स्तोत्र?”

“स्तोत्र नाही, अप्पा. मराठी आहे.”

“आपली?”

“आपलीच.”

“अशी दिसते होय,” अप्पा म्हणाले, आणि दुकानात गेले.

मग पाहुणे सुरू झाले. ओरत्तनाडूहून, आसपासच्या खेड्यांतून, टाऊन बसने, मोपेडवर, पिशवीत मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, आणि केळी घेऊन. हातपाय धुण्यात आमची माणसं कुणाला हार जाणारी नाहीत, निदान पायांच्या बाबतीत. अंगणात आल्याबरोबर प्रत्येक जण नळाशी उभा राही आणि पाय धुई, तेही असे की मला गहिवरून यावं. आधी पाऊल, मग बोटं, मग एक पाय वर करून मागची टाच. टाच कोरडी राहिली की शनी तिथून अंगात चढतो. पुराणातल्या कुठल्याशा राजाची टाच अशीच कोरडी राहिली आणि त्याचं राज्य गेलं. ही गोष्ट आमच्याकडे गुणाकाराच्या पाढ्यांआधी शिकवतात. हातांबद्दल पुराणात काही नसावं. पाय लखलखीत धुऊन, धुताना खाली चिखलाला लागलेल्या त्याच हातांनी माणसं थेट पाळण्याकडे जात.

तक्त्याची मात्र खूप स्तुती झाली. एका मामांनी सगळी चित्रं मोठ्याने वाचली, “लॅमिनेशन छान झालंय” म्हणाले आणि आत जाऊन बाळाची हनुवटी धरली. आईच्या एका मैत्रिणीने तक्त्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला, अंगणातच तो चार ग्रुपांना पाठवला, ‘सर्वांनी पाळावे’ असं लिहिलं, आणि ज्या अंगठ्याने लिहिलं तोच बाळाच्या गालाला लावला. आणि एका वयस्क नातेवाईक बाईंनी देवनागरीची ओळ पाहून चप्पल बाजूला सरकवली, तक्त्याला हात लावून डोळ्यांना लावला आणि नमस्कार केला. त्यांच्यामागून आलेल्या दोघींनीही केला. दुपारपर्यंत तक्त्याच्या खालच्या कडेवर कुंकू होतं.

मी डावपेच बदलला. साबणाला नळापर्यंत जावं लागतं, तेवढा त्रास नको, म्हणून सॅनिटायझरची मोठी बाटली आणली आणि दारात स्वतः उभा राहिलो. येईल त्याच्या हातावर मीच ओतायचं ठरवलं. पहिले आले ते अप्पांचे दुकानाशेजारचे मित्र. मी बाटली पुढे केली. त्यांनी वाकून उजव्या हाताची ओंजळ केली, डावा हात खाली धरला, मी ओतलं, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी ती ओंजळ ओठांपर्यंत नेली.

“मामा, तीर्थ नाही ते!”

ते थांबले, वास घेतला, आणि मग जे उरलं ते भक्तिभावाने डोक्यावरून केसांवर फिरवलं. त्या दिवशी दारात उभा राहून कुणी पातळ काहीतरी हातावर घालतोय म्हटल्यावर जवळजवळ प्रत्येकाने तेच केलं. आमच्या घरी भेट देऊन गेलेल्या माणसांचे केस त्या आठवड्यात फार निर्जंतुक होते.

इथवर मला हसू येत होतं. मग एका दुपारी बाळाने दूध घेणं सोडलं. तोंड फिरवी, रडतही नव्हती. बहिणीने तिला पदरात घेतलं आणि आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोट दाबून पाहिलं, “आत्ता तरी काही नाही, पण लक्ष ठेवा” म्हणाल्या आणि विचारलं, “घरी किती जण हाताळताहेत हिला?” बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याबद्दल सांगू लागलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सर, तक्ता इथेही आहे,” आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी परतताना बहीण म्हणाली, “अण्णा, शुक्रवारी पाळणा आहे. सगळे येणार. थोरले काका सेनै घालणार म्हणे.”

सेनै म्हणजे काय ते सांगतो. इकडे बाळ जन्मलं की घराण्यातल्या एका भल्या, नशीबवान माणसाने साखरेच्या पाण्यात बोट बुडवून बाळाच्या जिभेला लावायचं. त्या माणसाचे गुण बोटातून बाळात उतरतात. आमच्या भाचीचं हे दवाखान्यामुळे राहून गेलं होतं आणि ते राहिलं म्हणूनच पोर अशक्त, असं अर्ध्या घराचं निदान होतं. बोट कुणाचं, यावर आठवडाभर चर्चा झाली. माझं नाव निघालं होतं, पण “मास्तरकी उतरेल” म्हणून मागे पडलं. ठरले थोरले काका. तिरुवैयारुला राहतात. पाटबंधारे खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी शेतांना कावेरीचं पाणी वाटलं. पेन्शन आहे, दोन्ही मुलगे परदेशात आहेत, दात स्वतःचे आहेत. एवढे गुण एका बोटात आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

“नको म्हणून सांगू या ना,” मी म्हणालो.

“कोण सांगणार? अप्पा? अप्पांना दुकान काकांनी घालून दिलं. तू? तुला ते अजून ‘पोरा’ म्हणतात.” ती बाळाच्या टाळूवर पदर धरून बसली होती. “ती परत पेटीत गेली तर मी काय करू, अण्णा? तुझं सायन्स सांग ना मला काही.”

मी ऑटोवाल्याला खड्डे चुकवून हळू न्यायला सांगितलं.

शुक्रवारी घर भरलं. काका गाडीतून उतरले, मागून काकी. काका नळाशी गेले आणि त्यांनी पाय धुतले. दोन्ही टाचा, एकदा मागे वळून खात्रीही केली. मी साबण पुढे धरला.

“हात कशाला?” काका म्हणाले. “गाडीत बसलो, गाडीतून उतरलो. दार ड्रायव्हरने उघडलं. मी कशाला हात लावलाय?”

आणि कमरेच्या पिशवीतून डबी काढून त्यांनी चिमटीत तपकीर घेतली, एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी, मग डोळे मिटून अशी एक शिंक दिली की पाळण्याचं फूल हललं. मग त्याच दोन बोटांनी नाक पुसलं, बोटं धोतराला पुसली, आणि आत येऊन पाटावर बसले. तंजावूरच्या लोकांना तपकिरीचं वेड नवं नाही, पण काकांच्या उजव्या हाताची ती दोन बोटं टोकाला कायमची तांबूस झाली आहेत, सुकलेल्या हळकुंडासारखी. त्यातलंच एक सेनैचं बोट.

आईने चांदीच्या वाटीत साखरेचं पाणी आणलं. बहीण बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.  काकांनी बाही सरकवली आणि बोट पुढे केलं. मी घसा साफ केला. “काका, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण...”

“पोरा, वर्गात सांग,” काका म्हणाले. सगळे हसले. 

“काका,” बहीण म्हणाली. आवाज इतका मऊ होता की मीच दचकलो. “एक विचारू? सेनै घालणाऱ्याच्या बोटावरचं पोरीत उतरतं, हे खरं ना?”

“खरंच तर. म्हणून तर मला बोलावलंय.”

“सगळं उतरतं? की निवडून?”

“निवडून कसं उतरेल? सगळं उतरतं.”

“मग तपकीर पण उतरेल.”

काकांचं बोट वाटीच्या वर तसंच राहिलं.

“पोरीची जात आहे, काका,” बहीण तितक्याच मऊपणाने म्हणाली. “उद्या मुलीला बघायला आले आणि हिने कमरेतून डबी काढली, तर लोक कुणाचं बोट म्हणतील?”

 अप्पांनी छताकडे पाहिलं. मग बायकांच्या बाजूने काकी उठल्या. काकींना मी लहानपणापासून पाहतोय. काकांसमोर त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही.

“उतरेल!” काकी म्हणाल्या. “शंभर टक्के उतरेल! लग्नाच्या दिवसापासून माझ्या उशांना हाच वास, आता पाळण्याला पण? उठा. उठा आधी. नळाशी चला.”

“अगं, सगळ्यांसमोर...”

“सगळ्यांसमोर शिंकताना कुठे जाते लाज?”

काका उठले. काकींनी त्यांना अंगणात नेलं, साबण त्यांच्या हातात दिला आणि माझ्या तक्त्याकडे बोट दाखवत चित्रामागून चित्र वाचू लागल्या. “हाताची पाठ. पाठ म्हटलं मी. आता बेचक्या. हे बघा, चित्रात अंगठा वेगळा धरलाय, तुम्ही का नाही धरत? नखं!” तक्ता लावल्यापासून कुणी तो चित्राबरहुकूम पाळण्याची ही पहिलीच वेळ. मला सर आठवले; पण काकींनी मला टॉवेल आणायला पिटाळलं.

काका परत आले. बहिणीने त्यांची बोटं धरून नाकाशी नेली. “अजून येतोय,” म्हणाली. काका पुन्हा नळाशी गेले.

इतक्यात बाकीच्यांच्या ध्यानात गोष्ट आली. काकांच्या बोटातून तपकीर उतरते, तर आपल्यातून काय काय उतरेल? आणि स्वतःपेक्षा शेजारच्यातून काय उतरेल, हे तर प्रत्येकाला स्वच्छ ठाऊक होतं.

“मामा, तुम्ही नीट धुवा. कोर्टातली जमीन उतरेल पोरीवर.”

“तू बोल! तुझा आळस जाईपर्यंत साबण संपेल.”

“अय्यो, हिला आधी धुवू द्या, हिची सासूशी भांडायची बोटं आहेत.”

“आणि तुझी? दिवसभर टीव्हीच्या रिमोटवर असतात ती?”

बघता बघता नळाशी रांग लागली. सॅनिटायझर पुढे करून पाहिला तर एक मावशी म्हणाल्या, “तीर्थाने दोष जातात रे, सवयी नाही जात. साबणच हवा.” एक चुलतभाऊ मात्र डावाच हात धुवत होता. उजव्या हाताने आपण सरकारी परीक्षा पास झालो, तो गुण वाहून जायला नको, असं त्याचं म्हणणं. बहिणीने त्याला सांगितलं, तर मग बाळाला डाव्यानेच हात लाव. अशुभ! म्हणून त्याने उजवाही धुतला, पण चेहरा पाडून.

मीही नळाकडे निघालो, तर आईने माझं मनगट धरलं.

“तू नको.”

“का?”

“वेडा आहेस का? घरात एकच डिग्री आहे. ती धुवून टाकतोस? तू तसाच धर पोरीला, म्हणजे शिकेल.”

आईच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मला शिकवायला तिने आपल्या कानातल्या कुड्या मोडल्या होत्या, त्या डिग्रीचा एक कणही साबणाच्या फेसात जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. साबणाचा रेणू, त्याची दोन टोकं, मला सगळं माहीत होतं. तरी मी मनगट सोडवून घेतलं नाही.

“धू, अण्णा,” बहीण आतून म्हणाली. “डिग्री मागाहून बघू.”

मी धुतले. आई माझ्या हातांवरून गटारात जाणाऱ्या पाण्याकडे काळजीने बघत राहिली.

आता वाटीचा प्रश्न उरला होता. काका स्वच्छ बोटाने पाटावर बसले, पण पूर्वीसारखे टेकून नव्हे. बोट त्यांनी परीक्षेतल्या मुलासारखं वर धरलं होतं. बहिणीने वाटी घेतली आणि बाळाच्या तोंडाकडे न नेता बाळाचं पाऊल पुढे केलं.

“जिभेला नको, काका. टाचेला लावा.”

“टाचेला? असं कुठे असतं?”

“शनी टाचेतून चढतो ना? मग गुण का नाही चढायचे? शनीपेक्षा तुमचे गुण कमी आहेत का?”

काकांनी विचार केला. शनीपेक्षा कमी आहेत, असं भरल्या घरात म्हणणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी बोट बुडवलं आणि त्या सुपारीएवढ्या टाचेला साखरेचं पाणी लावलं. बायकांनी आशीर्वाद म्हटले. आईने “मुंग्या लागतील” म्हणून लगेच ओल्या फडक्याने टाच पुसून घेतली, आणि आपण काय पुसलं हे कुणाच्या लक्षात यायच्या आत बहिणीने बाळाला उचलून काकांच्या मांडीवर ठेवलं.

काकांनी दोन्ही हात पसरून तिला धरलं. इतकं हलकं काही त्यांनी बहुधा कधी धरलं नसावं; खांदे आखडले, श्वास सुद्धा बेताने घेऊ लागले. बाळ जागं होतं. तिने काकांच्या बोटाभोवती मूठ वळली. मी बहिणीकडे पाहिलं. तिने बोटाकडे पाहिलं, मग दाराशी ओल्या हातांनी उभ्या असलेल्या सगळ्या नातेवाइकांकडे, आणि त्या दिवसात पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

थोड्या वेळाने काकांचं नाक हलू लागलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. तपकिरीची वेळ झाली होती. काका मांडीवरच्या पोरीकडे बघत, मग आपल्या हाताकडे, मग पुन्हा पोरीकडे. एक हात जरासा उचलला आणि हवेतच थांबवून परत खाली घेतला. डोळ्यांत पाणी आलं तरी हात नाकापर्यंत गेला नाही.

“अगं,” ते काकींना हळूच म्हणाले, “नाक खाजतंय गं.”

“मग?”

“मग काय मग? माझे हात धुतलेत.”

काकी पुढे वाकल्या आणि त्यांनी दोन बोटांनी काकांचं नाक मनसोक्त चोळून दिलं. काकांनी सुखाने डोळे मिटले. काकी हसत सरळ झाल्या आणि त्याच हाताने बाळाचं टोपडं नीट करायला निघाल्या.

“काकी,” बहीण म्हणाली, “नळ तिकडे.”